मोटिव्हेशन पुरे, आता रियाजाचं बोलू

'माझ्यात चिकाटीच नाही.' गिटार सोडणारी माणसं हे वाक्य इतक्या सहज बोलून जातात की, दुकानदार गिटारच्या पिशवीत पिकबरोबर हे वाक्यही घालून देतो की काय, अशी शंका यावी. मी अकरा वर्षं कल्याणमध्ये नवशिक्यांना गिटार शिकवतो. शाळेतली मुलं येतात, कॉलेजची पोरं येतात, आयटीवाले येतात, बँकेतून निवृत्त झालेले काकाही येतात. त्यातले बरेचसे सोडून जातात. वय, पगार, शिक्षण काहीही असो, जाताना प्रत्येकाने स्वतःचं निदान करून ठेवलेलं असतं आणि ते एकच असतं: दोष माझा, मी आळशी.

हे निदान चुकीचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ते चुकीचं असूनही टिकून आहे, कारण त्यावर बऱ्याच जणांचं पोट चालतं.

फेंडर ही जगातल्या मोठ्या गिटार कंपन्यांपैकी एक. तिचे तेव्हाचे मुख्याधिकारी अँडी मूनी यांनी काही वर्षांपूर्वी मुलाखतींमध्ये उघडच सांगितलं होतं की, नव्याने गिटार घेणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक वर्षभरात ती सोडून देतात. पुढे २०१७मध्ये कंपनीने स्वतःचं शिकवणीचं ॲप काढलं. म्हणजे गळती किती आहे, हे विकणाऱ्याला व्यवस्थित ठाऊक आहे. आता मला सांगा, एखाद्या शाळेत दहातली नऊ मुलं नापास होत असतील, तर आपण त्या नऊ मुलांच्या चारित्र्यावर बोलतो की शाळेला जाब विचारतो? गिटारच्या बाबतीत मात्र नऊच्या नऊ जण मान खाली घालून म्हणतात, 'चिकाटी नाही हो.' आणि शिकवणारे आम्ही लोक त्यावर मान डोलावतो. कारण त्यात आमची सुटका असते.

आधी हातातली गिटार बघा

तुम्ही आळशी आहात की नाही, हे ठरवण्याआधी शाळेतली मोजपट्टी घ्या. बाराव्या फ्रेटपाशी सगळ्यात जाड तार आणि फ्रेटची धातूची पट्टी यांच्यामधलं अंतर मोजा. स्टीलच्या तारांच्या साध्या गिटारवर ते अडीच मिलिमीटरच्या आसपास असावं. बाजारातल्या चार-पाच हजारांच्या गिटारवर ते चार मिलिमीटरच्याही वर गेलेलं सहज सापडतं. यालाच 'अ‍ॅक्शन' उंच असणं म्हणतात. आता तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर डोकावून बघा. तिथे तार आणि पट्टी यांच्यात कागद जेमतेम सरकेल एवढीच फट हवी. त्याहून बरीच जास्त असेल, तर नट, म्हणजे गिटारच्या डोक्यापाशी तारा ज्या खाचांमधून जातात ती पट्टी, उंच राहिलेली आहे.

याचा चिकाटीशी काय संबंध? थेट संबंध आहे. नवशिक्यांची सगळ्यात मोठी गळती होते ती 'एफ' कॉर्डवर. एफ हा बार कॉर्ड: तर्जनी आडवी टाकून सहाही तारा एकदम दाबायच्या, तेही पहिल्या फ्रेटवर, नटच्या अगदी शेजारी. तार जिथे बांधलेली असते त्याच्या जवळ ती दाबायला सगळ्यात जड लागते. त्यात १२ गेजच्या तारांच्या संचाचा एकूण ताण ७० किलोच्या घरात जातो. नट उंच, अ‍ॅक्शन उंच, तारा जाड, आणि समोर तीन आठवड्यांचा विद्यार्थी. तो रोज अर्धा तास बोटं दाबतो, तार 'ठप्प' असा मेला आवाज काढते आणि चौथ्या आठवड्यात तो ठरवतो की, आपल्याला संगीताचं अंग नाही.

एक सोपी परीक्षा आहे. पहिल्या फ्रेटला केपो लावा आणि एफचाच आकार एक घर पुढे धरा. अचानक सोपं गेलं? मग खोट नटमध्ये आहे. चांगला कारागीर खाचा घासून आणि सॅडल उतरवून तासाभरात ते काम करतो. तोवर तारा अर्ध्या सुराने उतरवून ठेवा, ताण लगेच कमी होतो. पुढच्या वेळी १२ गेजऐवजी ११ किंवा १० गेजच्या तारा टाका. (नायलॉनच्या तारांसाठी बनवलेल्या क्लासिकल गिटारवर मात्र स्टीलच्या तारा चढवू नका. त्या ताणाने ब्रिज उखडू शकतो.)

टोनी आयोमीचं उदाहरण मी प्रत्येक बॅचला सांगतो. बर्मिंगहॅममध्ये १७ वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यातल्या अपघातात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं बनवली, वर चामडं चिकटवलं, बँजोच्या बारीक तारा गिटारवर चढवल्या आणि पुढे तारा सुरातही खाली उतरवल्या. ब्लॅक सॅबथचा तो जड, खर्जातला आवाज ज्यावर हेवी मेटलची अख्खी इमारत उभी राहिली, त्यात या खटपटीचा मोठा वाटा आहे. ही गोष्ट रीलवर येते तेव्हा खाली लिहिलेलं असतं, 'कधीच हार मानू नका.' मला त्यात वेगळंच दिसतं. आयोमीने दुखणाऱ्या बोटांना शिव्या घातल्या नाहीत. त्याने वाद्य हाताला जुळवून घेतलं.

प्रेरणा विकणारे

आता त्या रीलवाल्यांकडे येऊ. '३० दिवसांत गिटार', 'फक्त चार कॉर्ड्स आणि शंभर गाणी', 'पहिला दिवस ते शंभरावा दिवस'. या शेवटच्या प्रकारात पहिला दिवस चार सेकंद, शंभरावा दिवस वीस सेकंद आणि मधले ९८ दिवस कापलेले. गिटार शिकायची असते ती नेमकी त्या कापलेल्या भागात. तिथे एकाच बदलावर बोट अडकतं, मेट्रोनोम टिकटिकतो आणि ऐकणाऱ्याला कंटाळा येतो. तो भाग कोणी दाखवत नाही. मग तुमच्या घरातल्या बाराव्या दिवसाची तुलना तुम्ही त्यांच्या शंभराव्या दिवसाशी करता आणि आणखी एक मोटिव्हेशनल व्हिडिओ शोधायला लागता.

जांगो राइनहार्टचंही असंच केलंय. १९२८मध्ये त्याच्या गाडीघराला आग लागली, डाव्या हाताची दोन बोटं जायबंदी झाली आणि तरी तो जगातला एक श्रेष्ठ गिटारवादक झाला. गोष्ट खरी आहे. रीलमध्ये सांगत नाहीत ते हे की, आगीच्या वेळी तो नवशिक्या नव्हता. बँजो वाजवून लहान वयातच कमावता झालेला व्यावसायिक वादक होता. आणि नंतरच्या दीर्घ आजारपणात त्याने केलं काय, तर दोन चालत्या बोटांसाठी सुरावटी कशा मांडायच्या, कॉर्ड कुठे धरायचे, याचा सगळा हिशेब नव्याने जुळवला. ते इच्छाशक्तीइतकंच अक्कलहुशारीचं काम होतं. त्या अकलेला बाजूला सारून आपण फक्त 'जिद्द' तेवढी उचलतो, कारण जिद्दीचं पोस्टर होतं. बोटांच्या नव्या मांडणीचं होत नाही.

मोटिव्हेशनबद्दलचा मूळ घोटाळा असा की, आपण त्याला कारण समजतो. 'आधी मूड यायला हवा, मग मी वाजवीन.' माझा अनुभव उलटा आहे. ज्या विद्यार्थ्याला काल रात्री एक बदल जमला, तो आज क्लासला दहा मिनिटं आधी येऊन बसतो. त्याला कोणी भाषण दिलेलं नसतं. जमण्याने इच्छा येते. न जमण्याने ती जाते, आणि महिनाभर काहीच न जमता 'मेहनत करत राहा' एवढंच ऐकल्यावर ती कायमची जाते. तेव्हा प्रश्न इच्छा कुठून आणायची असा नसून, या आठवड्यात नक्की जमेल एवढं छोटं काम कोणतं, असा असायला हवा. हे काम शोधून देणं ही शिक्षकाची जबाबदारी आहे. फी त्याचीच असते.

दहा हजार तासांचं भूत

दुसरं थोतांड आकड्याचं. माल्कम ग्लॅडवेलचं 'आउटलायर्स' २००८मध्ये आलं आणि तेव्हापासून दहा हजार तासांचा नियम चहाच्या टपरीपर्यंत पोहोचला. रोज एक तास वाजवलं तर दहा हजार तास व्हायला सत्तावीस वर्षं लागतात. नोकरी करणाऱ्या पंचविशीच्या मुलाने हा हिशेब मांडला, तर तो गिटार विकूनच टाकेल.

मुळात तो अभ्यास काय होता? अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३मध्ये बर्लिनमधल्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवरचं संशोधन छापलं. सर्वोत्तम गटाने विसाव्या वर्षापर्यंत एकट्याने केलेला सराव सरासरी दहा हजार तासांच्या आसपास भरला. सरासरी. पुढे एरिक्सनने स्वतःच लिहिलं की, त्या गटातल्या निम्म्या मुलांनी त्या वयात दहा हजार गाठलेलेही नव्हते, आणि त्या आकड्यात जादूचं असं काही नाही. त्याचा भर होता सराव कसा केला यावर: नेमकं ध्येय, चूक लगेच कळणं आणि ती दुरुस्त करणं. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती जी कोणी पोस्टरवर छापत नाही. ही चांगली वाजवणारी मुलं सलग तासन्‌तास घासत नव्हती. ती थोडा वेळ लक्ष देऊन वाजवत, थांबत, आणि दुपारी डुलकीही काढत.

२००९मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातल्या रॉबर्ट ड्यूक आणि सहकाऱ्यांनी १७ पियानोवादकांना शोस्ताकोविचच्या कॉन्चेर्तोमधला एक छोटा तुकडा दिला. हवा तेवढा वेळ सराव करा, उद्या वाजवून दाखवा. दुसऱ्या दिवशी कोण चांगलं वाजवेल, याचा सरावाच्या मिनिटांशी संबंध लागला नाही. किती वेळा वाजवलं याच्याशीही नाही. फरक पडला तो इथे: वरच्या क्रमांकावर आलेल्या वादकांनी चूक नेमकी कुठे होते ते हुडकलं, तिथेच थांबून ती लगेच सुधारली, आणि सुधारताना लय मुद्दाम कमी केली. चुका पहिल्यांदा सगळ्यांच्याच झाल्या होत्या. चुकीचं पुन्हा पुन्हा वाजत राहणं त्यांनी टाळलं.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण आपल्याकडे 'पन्नास वेळा वाजव' हा गृहपाठ असतो. पन्नासपैकी चाळीस वेळा चुकलं, तर हाताने चाळीस वेळा चूकच शिकून घेतली. हाताला चूक-बरोबर कळत नाही, त्याला फक्त सवय कळते.

उस्तादांचे तास घेतले, पद्धत सोडली

इथे कोणीतरी म्हणणार, हे सगळं पाश्चात्त्य. आपल्याकडे रियाज म्हणजे तपश्चर्या. चाळीस दिवसांचा चिल्ला, पहाटे चारला उठणं, बोटांतून रक्त येईस्तोवर वाजवणं. या कथा मीही ऐकल्यात आणि त्या सांगणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण त्या कथांमधून आपण नेमकं काय उचललं, ते बघा. तास उचलले, त्रास उचलला. पद्धत तिथेच ठेवून आलो.

तबल्याच्या कुठल्याही चांगल्या गुरूकडे जा. विद्यार्थी हात लावण्याआधी बोल तोंडाने म्हणतो, हाताने टाळी-खाली दाखवत. ही पढंत. म्हणजे हात चालायच्या आधी डोक्यात आराखडा पक्का. मग कायदा घेतात तो ठायीत, मग दुगुणीत, मग चौगुणीत. मग त्याच कायद्याचे पलटे: तोच ऐवज, क्रम बदलून. गाण्यात अलंकारांचंही तेच. लय कमी करणं, तुकडे पाडणं, क्रम बदलणं, वाजवण्याआधी मनात म्हणणं. प्रयोगशाळेतल्या लोकांनी विसाव्या शतकात ज्या गोष्टी मोजून दाखवल्या, त्यातल्या कितीतरी आपल्या बैठकीत आधीपासून रूढ होत्या. गिटारच्या क्लासात मात्र पहिल्याच आठवड्यात अरिजितच्या गाण्याचे कॉर्ड्स फळ्यावर लिहून दिले जातात आणि मूळ लयीत वाजवायला सांगितलं जातं. जमलं नाही की उस्तादांच्या चिल्ल्याची गोष्ट. ही परंपरेची भक्ती म्हणायची की परंपरेच्या नावावर केलेली कामचुकारी?

वीस मिनिटांचा ऐवज

टीका करून मोकळं होणं सोपं आहे, म्हणून करायचं काय तेही सांगतो. वीस मिनिटं पुरतात. रोज.

पहिली पाच मिनिटं एकच बदल. समजा 'ए मायनर'वरून 'सी'वर जायचंय. दोन्ही आकार शेजारी ठेवून बघा: तर्जनी आणि मधलं बोट आहेत तिथेच राहतात, फक्त अनामिका हलते. तरीही नवशिक्या तिन्ही बोटं उचलतो आणि पुन्हा शोधत बसतो. कोणीतरी त्याला एवढंच दाखवायला हवं होतं. 'सी'वरून चार तारांच्या छोट्या 'एफ'वर जाताना मधलं बोट आणि अनामिका, दोन्ही आपापल्या घरात राहून एकेक तार खाली सरकतात आणि तर्जनी दोन तारांवर आडवी पडते. बस, एवढंच आहे ते राक्षसी एफ. (सहा तारांचा पूर्ण बार नंतर करा. पहिल्या दोन महिन्यांत त्याच्याशिवाय काही अडत नाही.) मेट्रोनोम ५०वर लावा. पहिल्या ठोक्याला वाजवा, उरलेल्या तीन ठोक्यांत बदला. उशीर होतोय? मग कोणतं बोट उशिरा पोहोचतं ते बघा. नेहमी एकच बोट असतं. त्या एकट्याला कामाला लावा.

दुसरी पाच मिनिटं वेगळं काम: उजव्या हाताची लय. डाव्या हाताने तारांवर नुसता स्पर्श ठेवा, सूर निघू देऊ नका आणि फक्त स्ट्रमिंग करा. तिसरी पाच मिनिटं परवाच्या बदलाची उजळणी. शेवटची पाच मिनिटं आवडतं गाणं, चुकत-माकत, न थांबता. हे शेवटचं कधीही गाळू नका. गाण्यासाठीच तर आलात.

एकच गोष्ट सलग वीस मिनिटं का नाही? १९७९मध्ये शे आणि मॉर्गन या दोघांनी हाताच्या हालचालींवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. एक गट एकेक हालचाल सलग घोटत होता, दुसरा त्या हालचाली उलटसुलट मिसळून करत होता. सरावाच्या वेळी मिसळणारा गट मागे पडला. नंतरच्या परीक्षेत तोच पुढे गेला. यातला धडा नवशिक्याने मनात कोरून ठेवावा: सराव करताना 'आज काही खास जमत नाहीये' असं वाटणं, हे बऱ्याचदा हात शिकत असल्याचं लक्षण असतं. आणि 'काय मस्त वाजतंय' असं वाटायला लावणारी सलग घोटाई सकाळपर्यंत उडून गेलेली असते. म्हणून रविवारी सलग अडीच तासांपेक्षा रोजची वीस मिनिटं बरी. मधल्या रात्रीच्या झोपेत हात बसतो.

फोनचं काय करायचं? तो तसाही हातात असतोच. दर शनिवारी एकच बदल, एकच गाणं, एका मिनिटाचं ध्वनिमुद्रण. व्हिडिओ नको, कारण मग केस नीट करण्यात वेळ जातो. कोणाला पाठवू नका, कुठे टाकू नका. सहा आठवड्यांनी पहिलं आणि सहावं लागोपाठ ऐका. तुमच्या प्रगतीचा याच्याइतका प्रामाणिक साक्षीदार दुसरा नाही, आणि त्याने जी उभारी येते ती कुठल्याही भाषणाने येत नाही.

दुखण्याबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. बोटांची टोकं पहिले काही आठवडे दुखणार, मग घट्टे पडतात आणि ते थांबतं. मनगट, कोपराखालचा हात किंवा अंगठ्याचं मूळ दुखत असेल, मुंग्या येत असतील, तर तिथेच थांबायचं. 'सहन कर, सवय होईल' असं सांगणारा शिक्षक असेल, तर शिक्षक बदला.

पथकातली पोरं

'पण आवड असेल तर वेळ मिळतोच,' हा माझ्याविरुद्धचा नेहमीचा युक्तिवाद. हे वाक्य बोलणाऱ्यांच्या घरात बहुधा स्वतंत्र खोली असते. आठ बावन्नची लोकल पकडून रात्री नऊला परतणारा, एका खोलीत चार माणसं, उद्या बहिणीचा पेपर, भिंतीपलीकडे शेजारी. त्याची आवड कमी आहे असं म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? त्याला मी सांगतो, तारा न छेडता नुसते बदल कर, आवाजच होत नाही. लोकलमध्ये बसायला मिळालं, तर डोळे मिटून सी-एफ मनात धर. हसू नका, पढंत यापेक्षा फार वेगळी नसते.

आणि आजच्या पोरांत चिकाटी नाही म्हणणाऱ्यांनी पावसाळ्यात पुण्यात एखाद्या नदीकाठी संध्याकाळी जाऊन बघावं. गणपतीच्या आधी कित्येक आठवडे ढोल-ताशा पथकांचे सराव चालतात. दिवसभर कॉलेज किंवा कंपनी करून आलेली पोरं-पोरी कमरेला ढोल बांधून उभी असतात, हातांना फोड येतात, आणि तरी दुसऱ्या दिवशी येतात. ही तीच पिढी आहे, रील बघणारी. त्यांना कोणी रोज सकाळी प्रेरणादायी सुविचार पाठवत नाही. ती येतात कारण वेळ ठरलेली आहे, जागा ठरलेली आहे, शेजारचा वाट बघतोय आणि एक तारीख येऊ घातलीय जिच्या दिवशी वाजवायचंच आहे.

गोव्याचा इतिहास हेच सांगतो. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिनसारखी वाद्यं वाजवायला शिकवत. त्या परंपरेतून आलेल्या गोवेकर वादकांनी पुढे मुंबईच्या हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा ही त्यातली मोठी नावं. ती सगळी मुलं जन्मतःच जिद्दी होती काय? त्यांच्याभोवती एक व्यवस्था होती: शिकवणारा, शिस्तीचा क्रम, आणि वाजवायला-गायला ठरलेली निमित्तं. आपल्या भजनी मंडळांनीही कित्येक गावांत टाळ-मृदंगाचे हात असेच तयार केले, दर एकादशीला.

गिटार मात्र आपण एकट्याने, दार लावून, स्क्रीनसमोर शिकतो, आणि एकटं पडल्यावर त्याला आळस हे नाव देतो. नवशिक्याला हवा असतो तो शेजारी बसणारा एक माणूस. दोघांनी दर रविवारी एक गाणं, एक लय धरणारा, एक गाणारा. सोसायटीच्या कोजागरीला दोन गाणी वाजवायची, एवढी एक तारीख ठरवा. बघा गिटार सुटते का.

सोडायचीच असेल तर

गिटार सोडणं हा गुन्हा नाही. आवडली नाही, दुसरं काही जास्त आवडलं, खुशाल सोडा. माझी तक्रार वेगळी आहे. उंच नट, जाड तारा, चुकीचा क्रम आणि एकटेपणा यांनी हरलेला माणूस जाताना स्वतःबद्दल एक खोटं मत घेऊन जातो आणि ते मत गिटारपुरतं राहत नाही. माझ्याकडच्या एका विद्यार्थिनीने गिटार सोडली, तेव्हा ती म्हणाली, 'मला कळलंच होतं सर, एमपीएससीचंही असंच होणार.' तीन महिन्यांच्या नीट न शिकवलेल्या छंदातून एका तेवीस वर्षांच्या मुलीने अख्ख्या आयुष्याचा निकाल काढला होता. तो निकाल खोटा आहे हे तिला पटवायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात तिला चार गाणी येऊ शकली असती.

म्हणून शेवटची मागणी आम्हा शिकवणाऱ्यांकडेच. पहिल्या तासाला विद्यार्थ्याच्या गिटारची अ‍ॅक्शन मोजा. दुसऱ्या तासाला गाणं देण्याआधी, घरी एकट्याने वीस मिनिटं काय करायचं, ते समोर बसवून करून घ्या. प्रत्येक आठवड्याला एक जमण्याजोगं काम द्या. जोड्या लावा. तीन महिन्यांची फी आगाऊ घेऊन 'निम्मे गळणारच' असं गृहीत धरून बॅचेस भरू नका. एवढं करूनही कोणी सोडून गेलं, तर त्याला हसतमुखाने निरोप द्या. आणि यातलं काहीच केलं नसेल, तर चिकाटी हा शब्द निदान आपल्या तोंडून तरी काढू नका.